पिवळ्या फुलावरचे लाल शिंतोडे

मी एक जुना कंद आहे, मित्रांनो, पिवळ्या गुलबक्षीचा. बुऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यात, सरुबाईंच्या परसात हातपंपाशेजारी मी जमिनीत राहतो. सरुबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी मला लावलं. दर पावसाळ्यात मला पालवी फुटायची आणि दिवस कलला की फुलं उमलायची. गल्लीतल्या पोरी त्यांच्या वेण्या करायच्या, नि मी उगाच फुशारून जायचो. पुढे पोरी मोठ्या झाल्या, माझ्याकडे कुणी फिरकेना. तरी बरं चाललं होतं.

यंदा मात्र माझ्यावर बालंट आलं. एका संध्याकाळी माझ्या फुलांवर लाल शिंतोडे उमटले. एक फूल तर अर्धं लालभडक! सरुबाईंच्या सुनेला, रंजिताला, सातवा महिना लागलेला. ती पाणी भरायला आली आणि कळशी तिच्या हातातून सुटली.

"आई, हे पाहा ना! रक्तावानी दिसतंय!"

सरुबाई धावत आल्या. आमच्या भिंतीमागे सूत रंगवण्याचा कारखाना आहे, त्याची नाली भिंतीला लागूनच वाहते. तिकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अवं माय, रंग मुरला जमिनीत! अन आपण हेच पाणी पितो. पोटातल्या लेकराचं काय व्हईन?" त्यांनी कुदळ उचलली. "आधी हे झाड उपटते!"

मी भीतीनं गारठलो. पळणार तरी कुठे? पहिला घाव माझ्यापासून वीतभर अंतरावर बसला.

तेवढ्यात त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी चारुलता मध्ये पडली. "रुक ना आई! रंग मुरला असता तर सगळ्या फुलांवर सारखा चढला असता. लाल रंग कसा बनवायचा ते याच्या पेशीत लिहिलेलंच आहे. त्या लिहिण्याच्या मध्येच एक उपरा तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे ते वाचता येत नाही, म्हणून फूल पिवळं. तो तुकडा कधीकधी उडी मारून निघून जातो. मग त्या पेशीपासून वाढलेला भाग लाल होतो."

"अन इतकी वर्षं कुठं गेलता तो?"

"झोपला होता समज. यंदा जागा झाला."

"म्हणजे पाणी चांगलं आहे?" रंजितानं विचारलं.

चारुलता म्हणाली, "वहिनी, ते फूल नाही सांगत. पाणी तपासावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी ती पंपाचं पाणी बाटलीत भरून तपासायला घेऊन गेली. आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. माझे शिंतोडे माझेच होते, पण पाण्यातही रंग निघाला. डोळ्यांना दिसू नये इतका थोडा, आणि पिऊ नये इतका जास्त. सरुबाईंनी घरातले भरलेले हंडे उपडे केले.

आता पंपाच्या दांड्याला दोर बांधलाय आणि घरात टँकरचं पाणी येतं. रंजिता सुखरूप आहे. मित्रांनो, नालीत काय सोडता ते एकदा बघत जा. तुम्हाला पंप बंद करता येतो. मी अजून तेच पाणी पितो, आणि मला फार भीती वाटते.