वीस मिनिटे पुढे

मित्रांनो, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. डोक्यावर पितळेच्या दोन घंटा, पाठीला दोन चाव्या आणि तीन पायांपैकी एक किंचित आखूड, म्हणून त्याच्याखाली घडी घातलेला कागद लागतो. माझी टिकटिक फार मोठी आहे असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. पण एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल केलेली बरी. मी आयुष्याचा बराच काळ खोटे बोलण्यात घालवला आहे. तेही बरोबर वीस मिनिटांचे.

हा दोष जन्माचा नव्हे. कारखान्यातल्या बाईंनी चिमट्याने माझी चाके बसवली, मला कानाशी धरून ऐकले आणि हसून पेटीत घातले, तेव्हा मी अगदी सत्यवचनी होतो. दुकानातून मला एका गृहस्थांनी घरी आणले. ते टपाल कचेरीत पत्रांची छाननी करत. माणूस देवासारखा, पण घाई म्हणून ती त्यांच्या रक्तातच नव्हती. त्यांना एका महिन्यात तिसरा लेट मार्क मिळाला, त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नीने शिवणयंत्र थांबवले, दोरा दाताने तोडला आणि माझे काटे वीस मिनिटे पुढे सरकवले.

पहिल्या आठवड्यात कचेरीतले साहेब चकित झाले. दुसऱ्या आठवड्यात गृहस्थांच्या सारे लक्षात आले. तिसऱ्यापासून ते माझ्याकडे बघून मनातल्या मनात वीस वजा करू लागले आणि पूर्वीसारखेच रमतगमत निघू लागले. त्यांचा मुलगाही हेच बघत वाढला. शाळेत बेरीज शिकण्याआधी त्याला वजाबाकी येत होती. फक्त पाहुणे तेवढे "अगबाई, इतके वाजले?" म्हणून लगबगीने उठत. घरात माझे खरे कौतुक झाले ते एवढ्याचसाठी.

मुलगा शिकायला परदेशी निघाला, तेव्हा आईने मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेत कोंबले.

"आई, मोबाईल आहे ना!" तो म्हणाला.

"मोबाईलचा जीव केवढा! संध्याकाळ झाली की माना टाकतो. याला चावी दिली की झालं."

परक्या देशात पोहोचताच मुलाने मला तिथल्या वेळेप्रमाणे लावले. आणि मित्रांनो, काय सांगू, लगेच स्वतःच्या हाताने वीस मिनिटे पुढे केले! म्हणजे स्वतः लावायचे आणि स्वतःच वजा करायचे. वळणाचे पाणी वळणावर गेले. वर्गाला निघताना तो खिडकीतून खाली थांबलेल्या मित्रांना ओरडून सांगे, "येतोच!" आणि पुढची पंधरा मिनिटे मोजा शोधत बसे. त्यामुळे त्याचे नावच 'येतोच' पडले. प्राध्यापकांनी मात्र एकदा त्याला दारातच गाठले. "तुझ्यासाठी मी दोनदा दार उघडलं. सोमवारी नऊला तोंडी परीक्षा आहे. तिसऱ्यांदा उघडणार नाही. मग हाच विषय पुढच्या वर्षी पुन्हा कर." येतोच त्या दिवशी जेवला नाही. आणखी एक वर्ष म्हणजे आईला आणखी किती कपडे शिवावे लागतील, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

आणि नेमके त्याच शनिवारी-रविवारी सहल ठरली.

सहलीत चौघे होते. पहिला आमचा येतोच. दुसरी सेनापती, हे नाव मी ठेवलेले. तिच्याकडे याद्यांची वही असे आणि त्या वहीत कोणी किती वेळा पाणी प्यायचे हेही लिहिलेले असे. तिसरा कुंभकर्ण, तो बसमध्ये चढतानाच झोपला. चौथा शंकासुर. त्याला खिडकीबाहेर डोंगर दिसला तरी तो विचारी, "हा नक्की तोच डोंगर ना?"

"रविवारी चारची बस एकुलती एक आहे," सेनापतीने बजावले. "ती चुकली तर थेट सोमवारी दुपारी. येतोच, ऐकतोयस ना?"

"अगं, माझ्याकडे घड्याळ आहे," म्हणत त्याने मला पिशवीतून काढले आणि माझ्या वीस मिनिटांची कथा सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगितली. ती सांगितली नसती तर पुढचे रामायण घडले नसते.

डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात आम्ही शनिवारी दुपारी पोहोचलो. वाऱ्याने तारा तुटून वीज गेली होती. "येईल की, एक-दोन दिवसांत," घरमालकीण आजी म्हणाल्या. त्यांच्या घरात घड्याळ नव्हते. कोंबड्या उठल्या की त्या उठत आणि कोंबड्या झोपल्या की झोपत. दिवसभर फोटो काढून सगळ्यांचे मोबाईल एकेक करून माना टाकू लागले. अखेर सगळ्यांचे डोळे खिडकीतल्या माझ्याकडे वळले. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता! माझी काच कोणीतरी बाहीने पुसली सुद्धा.

पण मित्रांनो, मान मिळाला की हात लागतात.

सगळे तळ्यावर गेले असताना सेनापती रुमाल विसरल्याचे निमित्त करून परत आली. 'हा वीस वजा करणार. म्हणजे आपण आणखी वीस वाढवलेली बरी,' असे पुटपुटत तिने माझे काटे पुढे ढकलले. झाली चाळीस. संध्याकाळी कुंभकर्ण आला. पहाटे सूर्योदय बघायला उठायचे ठरले होते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि अर्ध्या तासाची जास्त झोप मिळावी म्हणून काटे तीस मिनिटे मागे घेतले. रविवारी सकाळी टेकडीवर पोहोचतो तो सूर्य केव्हाच वर आलेला! घरी परतल्यावर शंकासुराला शंका आली. त्याने बंद करून राखून ठेवलेला मोबाईल चालू केला. वेळ दिसली आणि मोबाईलने प्राण सोडला. तेवढ्यात शंकासुराने मला अगदी बरोबर लावले. येतोचने आईची आठवण म्हणून आणलेल्या घड्याळाला चूक कसे म्हणायचे, म्हणून तोही कोणाला बोलला नाही.

अशा रीतीने कित्येक वर्षांनी मी खरे बोलू लागलो. मला इतके हलके वाटले म्हणून सांगू! मी छाती काढून टिकटिक करू लागलो. आणि कोणीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

जेवणानंतर चौघे अंगणात पसरले. बसचा थांबा खाली, वीस मिनिटांच्या वाटेवर होता. साडेतीनला निघायचे म्हणून येतोचने गजर तीन-पन्नासला लावला, कारण त्याच्या डोक्यात वीसची वजाबाकी पक्की होती. सेनापती माझ्याकडे बघून चाळीस वजा करी आणि गालात हसे. कुंभकर्णाला घड्याळ दहा मिनिटे मागे वाटत होते. पण तसे बोलायचे तर चोरी कबूल करावी लागणार, म्हणून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. खरी वेळ एकट्या शंकासुराला ठाऊक होती. साडेतीन झाले, पावणेचार झाले, तो चुळबुळ करत राहिला. 'बाकीचे तिघे निवांत आहेत, म्हणजे मीच चुकत असणार,' असे त्याने ठरवले. मी काय करणार? घड्याळाला बोलण्याची वेळसुद्धा दुसऱ्याने लावून द्यावी लागते.

तीन-पन्नासला मी जीव खाऊन वाजलो.

"चला, साडेतीन झाले!" येतोच उठला.

"बस रे, आत्ता कुठे तीन-दहा होतायत," सेनापती म्हणाली.

कुंभकर्ण ताडकन उठला. "कसले तीन-दहा! चार वाजले! बस गेली!"

"तीन-पन्नास," शंकासुर हळूच म्हणाला. "बहुतेक."

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. मग एकेकाची कबुली बाहेर पडली. "मी फक्त वीसच पुढे केलं होतं." "मी फक्त तीसच मागे..." "मी तर बरोबर केलं!"

"तुझ्यानंतर कोणी हात लावला?" येतोचने शंकासुराला चिरक्या आवाजात विचारले. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. त्याने मला दोन्ही हातांत धरले. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याकडे बघत होता आणि काही वजा करत नव्हता.

"म्हणजे हे म्हणतंय तेच खरं. दहा मिनिटं राहिलीत. पळा!"

आजींनी अंगणातूनच बोट दाखवले. "शेळ्यांच्या वाटेने उतरा, बाळांनो!" ती वाट शेळ्यांना तरी कशी जमत असेल देव जाणे. कुंभकर्ण अर्धी वाट बसूनच उतरला. शंकासुराला एकही प्रश्न विचारायला सवड मिळाली नाही. खाली बस दिसत होती. तिने धूर सोडला, हलली आणि रस्त्याला लागली.

"वाजव ते!" सेनापती ओरडली. "जोरात वाजव!"

येतोचने धावता धावता माझी चावी पिळली. मी वाजलो. पुन्हा पिळली, पुन्हा वाजलो. तिसऱ्यांदा माझ्या पोटात काहीतरी तटकन तुटले, पण तोवर घंटा खाली पोहोचली होती. बस करकचून थांबली.

"मला वाटलं शाळा सुटली," ड्रायव्हरकाका खिडकीतून डोके काढून म्हणाले. "पोरं रस्त्यावर धावतात ना, म्हणून थांबलो."

"पण आज रविवार आहे ना?" शंकासुराने विचारले. बाकी तिघांनी त्याला उचलूनच बसमध्ये घातले. त्या गडबडीत मी पायरीवर पडलो. काच तडकली आणि काटे चार वाजून दोन मिनिटांवर थांबले.

सोमवारी प्राध्यापक आले तेव्हा येतोच बंद दाराशी पायरीवर बसला होता. नऊला अजून वीस मिनिटे होती.

"तू? आत्ता? घड्याळ बिघडलंय का तुझं?"

"हो सर," तो म्हणाला. "बिघडलंय."

तो पास झाला. मी मात्र महिनाभर खणात मोज्यांखाली पडून होतो. त्याचा मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? ज्याच्यासाठी पोटातली तार तोडून घेतली, त्याने साधी चौकशी करू नये? पण एका शनिवारी त्याने मला कागदात गुंडाळले आणि बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी तार बदलली, काच बसवली, आखूड पायालाही एक चकती लावली. मग विचारले, "वेळ कशी लावू?"

येतोचने माझ्या काट्यांकडे पाहिले. "बरोबर लावा."

मित्रांनो, मला आधी वाईटच वाटले. माझी ती वीस मिनिटे आईने दिलेली होती. पण आता तो रोज वीस मिनिटे लवकर उठतो आणि तेवढा वेळ आईशी फोनवर बोलतो. म्हणून तुम्हाला हात जोडून एक विनंती, म्हणजे मला जोडायला काटेच आहेत. घड्याळाला वेळेवर चावी द्या, काच पुसा. ते तुमच्या भल्यासाठी थोडे खोटे बोलत असेल, तर ते खोटे कोणी आणि का लावले तेही आठवा. आणि त्यातून वजा काही करू नका.

परवाच आईने फोनवर विचारले, "किती वाजले रे तिकडे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "सात."

"म्हणजे सहा-चाळीस ना?"

"नाही गं आई. सातच."

पलीकडे शिवणयंत्र थांबले.

"अगबाई," ती म्हणाली, "मग फोन ठेव आणि पळ. उशीर होईल."