देवळाच्या भिंतीवरचे दोघे

रेवदंड्याजवळच्या त्या कोळीवाड्यात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा गेरूनं भिंतीभिंतींवर लिहिल्या गेल्या, तेव्हा कुणी ब्रही काढला नाही. देवळाच्या भिंतीवरच्या दोन पोरांवरून मात्र वाड्यात उभी फूट पडली.

चित्र काढलं होतं वेणूबाईच्या सदानं, शिमग्याला. होडी रंगवून उरलेल्या रोगणात त्यानं स्वतःला रंगवलं आणि शेजारी, खांद्यावर हात टाकून, जिवलग दोस्त नामाला. दोघंही खदाखदा हसत होते. पुढं वादळात होडी उलटली. नामा पोहत किनाऱ्याला लागला, सदाचं प्रेतसुद्धा हाती आलं नाही. घरात त्याचा एक फोटो नव्हता. वेणूबाई रोज त्या भिंतीपाशी जाऊन बसायची, आणि का बसू नये?

पण नामा दर्याकडं फिरकेना. त्याची बायको केसर इरेला पेटली. "मेलेल्याच्या मिठीत जित्या माणसाचं चित्र! तो बोलावतोय ह्याला. पुसा ते."

"तुझा नवरा घरात जेवतोय ना?" वेणूबाई कडाडली. "माझ्या पोराला ही भिंतच हाय."

अर्धा वाडा हिच्या बाजूला, अर्धा तिच्या. एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका एकमेकींना बघून तोंडं फिरवू लागल्या. शेवटी पंचांनी आपलं शहाणपण चालवलं. नामाला पुसा, सदाला राहू द्या. चुना फासला, पण होडीच्या रोगणावर चुना कसला टिकतो? उन्हं लागताच पोपडे गळाले आणि नामा पुन्हा हसू लागला. मग केसरनं होडीचा तळ खरवडायची लोखंडी पट्टी आणली आणि नवऱ्याला गिलाव्यासकट काढून टाकलं. त्याच्या खांद्यावरचा सदाचा हातही गेला.

एवढं करूनही नारळी पुनवेनंतर होड्या लोटल्या, तेव्हा नामा तेवढा वाळूवर राहिला. वेणूबाईचा तोल सुटला. "माझ्या पोराचा हात तोडलात, आता तरी जा की मेल्या!"

नामा मान खाली घालून म्हणाला, "मावशी, तो बोलावत न्हाय. बुडताना त्यानं मला धरलं व्हतं. मीच झटकलं त्याला. न्हायतर दोघंही गेलो असतो."

वेणूबाई रडली नाही, तिनं शिव्याही दिल्या नाहीत. ती भिंतीपाशी गेली. शेजारच्या उखडलेल्या जागेकडं कललेला सदा तसाच हसत होता. ते हसणं तिला बघवेना.

मग ती केसरच्या दारात जाऊन उभी राहिली आणि पट्टी मागितली. केसरनं ती आणून दिली.