गिलुवेवरचे ओरखडे

गिलुवे डोंगरावर ढग सकाळीच चढतो. दरी तापली की ओली हवा उतारावरून वर येते आणि डोंगर झाकून टाकते. म्हणून पुंदियामामाला मी पहाटे निघू या म्हटलं होतं. तो आधी रताळी भाजत बसला, मग ती खात बसला.

उद्या माझं विमान होतं. जुन्या हिमनदीने घासलेला एक उघडा खडक मला हवा होता. त्याची कपची प्रयोगशाळेत तपासली की आमच्या डोंगरावरचा बर्फ कधी वितळला ते कळतं. मामा म्हणाला होता, "ओरखड्यांचा खडक? लहानपणापासून बघतोय."

तळ्याकाठी त्याने तो दाखवला. बोटभर खोल खाचा.

"मामा, इथे धार लावायला दगडी कुऱ्हाडी घासल्यात!"

"मग? माझ्या आजोबांनी घासल्यात. ओरखडे तूच म्हणालीस."

"बर्फाचे म्हणाले!"

"बर्फाला कुठे नखं असतात?"

मी डोकं धरून खडकावरच बसले. तळव्याखाली तो पाटीसारखा गुळगुळीत लागला. खाचांच्या मधे केसाएवढ्या रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेने. बर्फाने घासून गुळगुळीत केलेला खडक आजोबांना आयताच मिळाला होता. मी हातोडी काढून खडकावर टेकवली.

मामाने तिच्यावर पाय ठेवला. "ए! तू बापाच्या कुळाची. भाची म्हणून रताळी खा हवी तितकी. आमचा दगड फोडायचा नाही."

"एवढीशी कपची, मामा."

"मग माझं नाकही एवढंसंच आहे. काप."

दरीतून ढग निघाला होता. मी रेघांवर होकायंत्र ठेवलं. बर्फ शिखराकडून उतरला होता. त्याच रेषेत वर आणखी खडक असणारच.

"वर कुणाचे आजोबा?"

"वर कोण मरायला जातंय? नुसती थंडी."

"चल मग."

"अजून चढायचं? तुझी आई अशी नव्हती हं!"

ढगाने आम्हाला अर्ध्यातच गाठलं. मामाचं बडबडणं तेवढं पुढे ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. गवतातून वर आलेल्या एका उंचवट्यावर तो ठाण मांडून बसला होता. मी बाजूने हात फिरवला. रेघा, त्याच दिशेच्या.

"मामा, ऊठ. मला इथेच फोडायचंय."

"एवढा डोंगर पडलाय, आणि तुला माझ्या बुडाखालचाच हवा?"

"ऊठ ना!"

"आत्ता तर बसलोय."

शेवटी तो वीतभर सरकला. तेवढी जागा पुरली.