ताईच्या डाव्या कानाशी

चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीत, गाणाऱ्या बायकांची ओळ गुणगुणत कोणी घरी जात नाही. चाल असते वरच्या पट्टीतल्या सोप्रानोंची. पुरुषांतल्या उंच आवाजाच्या टेनरना मधूनमधून मिरवायला मिळतं, आणि खर्जातले बेसवाले नुसते गुरगुरले तरी लोक माना डोलावतात. आम्ही मध्ये. असलो तर कोणाच्या लक्षात येत नाही, नसलो तर गाणं पोकळ लागतं, एवढंच आमचं मोठेपण.

माझी थोरली बहीण सोप्रानो. लहानपणी आमच्या घरात चाल एकच होती आणि ती ताईची होती. मी तीच धरली की ती गाणंच थांबवायची. मग मी तिच्या खाली जाऊन दुसरे सूर शोधले. ते जमल्यावर तिने खूश होऊन मला आपल्या डावीकडे उभं केलं. पुढे दोघी क्वायरमध्ये गेलो, लग्नं झाली, केस पांढरे झाले, ती डावी बाजू काही सुटली नाही. तू कानाशी असलीस की मला वर जायची भीती वाटत नाही, असं ती एकदा म्हणाली होती. ताईच्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मीळच, म्हणून ते मी अजून जपून ठेवलं आहे.

नाताळ जवळ आला की कोणत्या गाण्याची कोणती मांडणी बसवायची यावरून क्वायरमध्ये दरवर्षी जुंपते. टेनरना शेवटी आवाज चढवणारी हवी असते. बेसवाल्यांना संथ हवी असते, कारण त्यांना धाप लागते. आम्हा दोघींची आवड ठरलेली: आमच्या जुन्या मास्तरांनी बांधलेलं पाळण्याचं गाणं. त्यात सोप्रानो बाळाला निजवतात आणि आम्ही खाली दोनच सुरांवर झुलत राहतो. चाल संपली तरी आमचे दोन सूर थोडा वेळ चालूच असतात. मास्तर म्हणायचे, बाळ झोपलं म्हणून लगेच पाळणा थांबवायचा नसतो.

यंदा ताईच्या मेंदूत रक्त साकळलं. वाचा गेली. माणसं ओळखेना, मला तर नाहीच. तिला रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवलं. तिथे बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी मला समजावून सांगितलं की बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी डोक्यात शिल्लक राहतं, आणि गाण्याला धरून शब्द परत आणता येतात. पण संस्थेची अट होती, नाताळपर्यंत ताईने स्वतःहून एक तरी शब्द काढायला हवा. नाही तर शिकवणं बंद, आणि तिला मागच्या इमारतीत हलवणार. ती इमारत मी पाहून आले होते. तिथे धुतात, भरवतात, वेळच्या वेळी कुशीवर वळवतात. बोलत कोणी कोणाशी नाही. ताईला मी तिथे जाऊ देणार नव्हते.

बाईंनी सगळ्यांना येणारी गाणी म्हणून पाहिली. रेकॉर्डिंग लावलं तर ताईने यंत्राकडे पाठ केली. तेव्हा मी म्हटलं, सोडा ते, आमचं गाणं मी म्हणते. रोज दुपारी तिच्या डाव्या कानाशी बसून मी पाळण्याचं गाणं म्हणू लागले. ताई भिंतीकडे बघत राहायची. बाईंनी बरेच दिवस ऐकून घेतलं आणि मग संकोचून विचारलं की याला चाल अशी काही आहे का.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आयुष्यभर जे गात होते तेच गात होते. वर चाल नसताना त्या दोन सुरांना कोण गाणं म्हणणार?

मग मी चाल शिकायला बसले. ऐकून ऐकून ती पाठ होती, पण घसा ऐकेना. भांडी घासताना धरली की पहिली ओळ नीट जायची आणि दुसऱ्या ओळीला आवाज आपोआप खाली उतरायचा. नवऱ्याने बाहेरून विचारलं, हे कोणतं गाणं, फार दमल्यासारखं वाटतंय. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा चपला घालून बाहेर गेला. मग हातातलं पातेलं तसंच ठेवून मी खाली बसून रडले. ताईसाठी एवढीशी चाल मला धरता येत नव्हती.

शेवटी क्वायरला हात जोडले. नाताळच्या आधी सगळे आले आणि रुग्णांच्या बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. मी ताईजवळ बसले, नेहमीच्या बाजूला. गाणं सुरू झालं. मी न गाता ताईच्या तोंडाकडे बघत होते.

पहिल्या ओळीला ताईचे ओठ हलले. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला, चिरका, पण चालीत. आणि शब्द! सगळे शब्द, जिथल्या तिथे. बाईंनी तोंडावर हात ठेवला. टेनर गाता गाता डोळे पुसत होते.

दुसऱ्या कडव्याला माझ्याने राहवलं नाही. मी तिच्या कानाशी झुकले आणि माझे दोन सूर लावले.

ताई थांबली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. तिने हात उचलून माझ्या तोंडावर दाबला.

"चूक," ती म्हणाली.

क्वायर गायचं थांबलं. बाईंना मात्र आनंद आवरेना, कारण हा गाण्यातला नव्हता, तिने स्वतःहून बोललेला शब्द होता. मागची इमारत टळली. जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि मला तो हात तोंडावरून काढवत नव्हता. काही का होईना, तिने मला हात लावला होता.

मग बाईंनी मला बाजूला घेऊन शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की ताईच्या डोक्यात आता एका वेळी एकच सूर मावतो, दुसरा लागला की सगळं कोलमडतं. तेव्हा मी तिच्यासमोर गाऊ नये. शिकवणं चालू असताना खोलीत न बसलेलं बरं.

म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसते. आत बाई आणि ताई मिळून चाल म्हणतात. बाई ती भराभर शिकल्या, त्यांना कुठे काय विसरायचं होतं. चाल संपते, आणि माझे दोन सूर मिटल्या तोंडात थोडा वेळ झुलत राहतात. मग दार उघडतं.

मी दारात दिसले की ताई लगेच म्हणते, "चूक."

बाई हसतात. म्हणतात, "बघा, बाकी कोणाला नाही, पण तुम्हाला ओळखते."