निखाऱ्याचा निर्वाळा

कागद कोरा होता. अंगारबाबांनी तो उलटा करून दाखवला, सुलटा करून दाखवला, पाटलांच्या हाती देऊन परत घेतला. मग चिमट्यातला निखारा त्याच्या कडेला टेकवला. जाळ झाला नाही. लाल ठिणगी तेवढी मुंगीसारखी कागदावरून चालत सुटली. वळली, वर चढली, खाली उतरली, आणि दोनशे माणसांदेखत कागदावर जळकी अक्षरं उमटली: भय नाही.

"आई राजा उदो उदो!" सावळकुंडी गाव पारापुढं आडवं झालं.

"बारा वर्षं हिमालयात बर्फावर बसलो, तेव्हा हा निखारा बोलायला लागला," बाबा म्हणाले. बर्फावर निखारा कसा टिकला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

निजामाच्या अमलातला चव्वेचाळीस सालचा हिवाळा होता. मुरुमच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या या गावात आठ दिवस घराघरांत उंदीर मरून पडत होते. उंदीर पडू लागले की प्लेग आला समजायचं आणि रानात खोपी घालून राहायचं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जत्रा चार दिवसांवर आली होती. वीरप्पा हे भुसार मालाचे व्यापारी आणि जत्रेचे मुख्य पंच. प्लेग आला म्हटलं तर जत्रा बुडणार, म्हणून प्लेग आला नव्हता. इतकं ते सोपं होतं.

शिवाय पुरावा छापील होता. सोलापूरहून येणाऱ्या 'लोकधीर' साप्ताहिकात बातमी होती: "सावळकुंडीत काही उंदीर थंडीने दगावले. घबराटीचे कारण नाही, असे आमचे बातमीदार कळवतात." हे बातमीदार म्हणजे वीरप्पाच. सोमवारी ते बातमी लिहून धाडत आणि शनिवारी तीच चावडीवर खणखणीत आवाजात वाचून दाखवत. "बघा, आता तर छापूनच आलंय!" असं म्हणताना त्यांना स्वतःलाही मोठा धीर येई. तहसिलीचा जमादार तर घोड्यावरून न उतरताच "सब खैरियत है" असं गावाला सांगून गेला होता. विचारायला हवं होतं, ते त्यानं सांगून टाकलं.

गर्दीच्या मागं तेरखेड्याचा लिंबाजी उभा होता. जत्रेसाठी शोभेच्या दारूची गाडी घेऊन तो सकाळीच पोचला होता. कागद जळाल्याचा वास नाकात गेला आणि त्याला हसू आलं. तीस वर्षं दारूकामातला पांढरा क्षार, सोरा कुटून त्याचे हात खरबरीत झाले होते. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या वातीवर ठिणगी अशीच, जाळ न करता, धावते.

ते हसू लेकीच्या घरी पोचेपर्यंतच टिकलं. कमल याच गावात दिलेली, आठवा महिना लागलेला.

"आबा, कणगीखाली दोन पडले," ती म्हणाली. "म्याच शेपटीला धरून उकिरड्यावर टाकले."

लिंबाजीनं कणगीखाली वाकून पाहिलं. लहानपणी प्लेगात त्याची आई आणि दोन भाऊ सहा दिवसांत गेले होते. त्या वेळीही आधी कणगीखालीच उंदीर पडले होते.

"इहीणबाई," तो कमलच्या सासूला, धुरपताबाईला म्हणाला, "आजच्या आज पोरीला रानात न्या."

"आवं इवाई, आईनं इस्तवानं लिवून दिलंय, छापून बी आलंय. मग तुमचं ऐकू का आईचं?"

पोट वाढलेल्या पोरीला गाडीत घालून तेरखेड्यापर्यंत नेणं धोक्याचं होतं. आणि गावानं गाव सोडलं, तर दोन महिन्यांच्या मेहनतीची दारू तशीच परत न्यावी लागणार होती. हा विचार लिंबाजीच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पारावर आपलाच एक कोरा कागद घेऊन गेला. "बाबा, ह्याला बी निखारा लावा की. आई काय म्हंती बघू."

नाही म्हणायची सोय नव्हती. सगळं गाव बघत होतं. बाबांनी निखारा टेकवला. ठिणगी चालू लागली आणि बाबांचा चेहरा उतरत गेला. अक्षरं उमटली: गाव सोडा.

एकच गलका झाला. "लिंबाजीबाबा की जय!" बाबांच्या गळ्यातला हार काढून कुणीतरी लिंबाजीच्या गळ्यात घातला. खुद्द धुरपताबाई इवायाच्या पाया पडली.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. तासाभरात गाव रिकामं झालं असतं, कमलही सुटली असती. लिंबाजीनं घटकाभर तसा विचारही केला. मग त्यानं हार काढून पारावर ठेवला.

"उठा! आज माझा कागद ऐकून गाव सोडाल, उद्या ह्यांचा कागद 'परत या' म्हनंल, तवा काय करणार?" त्यानं पितळी वाटी पुढं केली. "ह्यो सोरा. ह्याच्या पान्यानं काडीनं लिवायचं, वरची रेघ तुटू द्यायची न्हाय, उनात वाळवायचं. दिसत काय न्हाय, निखारा लावला की बोलतंय. तुमी सवाल इचारायच्या आदीच जवाब लिवलेला आसतोय!"

"नास्तिक हाय त्यो!" वीरप्पा ओरडले. "आई त्याच्या वाटीत उतरली म्हणून जळालं!"

"मग इहीणबाईंच्या हातानं करू."

धुरपताबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं काडी सोऱ्यात बुडवून कागदावर एक वाकडीतिकडी रेघ ओढली. कागद उन्हात वाळला, निखारा टेकला, आणि ठिणगी त्या रेघेवरून निमूट वाकडीतिकडी चालत गेली.

म्हातारीनं जळक्या रेघेवरून बोट फिरवलं. "म्या वडलेली रेघ ही," ती सावकाश म्हणाली. "ह्यात आई कुठली?" मग बाबांकडं वळून तिनं विचारलं, "मग माज्या कणगीखाली उंदीर कशानं मेले वो?"

हिमालयात बारा वर्षं काढलेले बाबा चिमटा आणि झोळी आवरू लागले. संध्याकाळच्या आत गावानं रानात खोपी घातल्या. धुरपताबाईनं सुनेला स्वतः हात धरून नेलं. वीरप्पा आणि त्यांच्या भरवशावर आणखी दोन घरं तेवढी मागं राहिली. बाबा मुरुमच्या वाटेला लागले होते. गावात थांबायचं भय त्यांना बरोबर कळलं होतं.

पुढच्या शनिवारी 'लोकधीर' आला. "सावळकुंडीची जत्रा अपूर्व उत्साहात पार पडली. शोभेच्या दारूकामाने भाविकांच्या डोळ्यांचे पारणे फिटले." वीरप्पांनी बातमी आगाऊच धाडली होती. चावडीवर ती वाचून दाखवायला मात्र ते नव्हते. मागं राहिलेल्या तीन घरांतली चार माणसं त्या आठवड्यात प्लेगनं गेली, त्यांत वीरप्पा एक. ती बातमी कुणी धाडली नाही आणि कुणी छापली नाही.

लिंबाजी खोपीपुढं लेकीजवळ बसला होता. रानातल्या लोकांनी त्याला विचारलं, आता परत कधी जायचं, तुम्हीच सांगा.

"मला नका इचारू," तो म्हणाला. "भय न्हाय म्हनणारा कागदावर लिवो न्हायतर छापून आणो, तुमी आदी आपल्या कणगीखाली बघा."