भावी डॉक्टरचे हात

शेळ्यांच्या गोठ्यावर जो बॅनर ताणलाय, त्यावर मोहिनी अजून डॉक्टर आहे. धार काढताना ती वर बघते आणि तिला ते दिवस आठवतात.

दहावीला मार्क बरे पडले, तसं तिच्या वडिलांनी, आप्पांनी, चौसाळ्याच्या फाट्यावर बॅनर लावायचं ठरवलं. ‘भावी डॉक्टर मोहिनी.’ मोहिनीला कुणी विचारलं नाही. भावी माणसाला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

बॅनरवाल्या पाशाचाचाने कॉम्प्युटरवर डॉक्टरचं तयार धड शोधलं, वर मोहिनीचं डोकं बसवलं. धड निघालं पुरुषाचं.

“चाचा, हाताला केस हायत,” शेजारी बसलेली मोहिनी म्हणाली.

“ऱ्हाऊ दे बेटा, डॉक्टर लोकांना टाइम नसतो.”

मग माउस मोहिनीनेच घेतला. एकेक केस काढला, मनगटं बारीक केली, हिरव्या बांगड्या चढवल्या. शाईच्या वासात संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. निकालाच्या दिवसापेक्षा त्या दिवशी तिला आपण जास्त हुशार वाटलो.

पुढची दोन वर्षं वाईट. शेजारची बायनाबाई बॅनरखालीच जीभ काढायची, “बघ गं, कावीळ हाय का?” मोहिनी मान खाली घालून कॉलेज गाठायची. वरची मोहिनी रोज मोठी दिसे, खालची रोज लहान. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेत मार्क कमी पडले तेव्हा तर वरची ओळखही देईना.

बॅनर उतरून कडब्याच्या गंजीवर गेला. आप्पा म्हणाले, “लातूरला पुन्हा क्लास लावू.”

“आप्पा, मी न्हाई जाणार. मला पाशाचाचाच्या दुकानात काम करायचंय. आपल्या बॅनरलाबी मी मदत केली व्हती.”

आप्पा उठले. गंजीवरचा बॅनर ओढून अंगणात पसरला. आता हा फाटणार, असं मोहिनी धरूनच चालली.

“ह्यात तू काय केलतंस?”

“हात. गड्याचे व्हते. केस काढले, बांगड्या घातल्या.”

आप्पा खाली बसले. चष्मा पुसून त्यांनी बांगड्या बोटाने चाचपल्या.

“आयला! अन् म्या दोन वर्षं आल्यागेल्याला सांगत व्हतो, तोंड जरा बिघडलंय, पण हात लेकीचेच हायत.”

दुसऱ्या दिवशी बॅनर शेळ्यांच्या गोठ्यावर ताणून ते स्वतः तिला दुकानात सोडायला गेले. पाशाचाचा खुशीत येऊन म्हणाला, “आप्पा, फाट्यावर नवा बॅनर टाकू का? भावी काय लिहू?”

“भावी काही नको लिहू,” आप्पा म्हणाले. “ती आत्ताच हाय की.”