मांत्रिकाचं घर

ताराची मॅट्रिक झाली त्या साली, एकसष्टच्या उन्हाळ्यात, कमलाकांत वकिलांनी मूठ हलवून कवड्या फरशीवर टाकल्या आणि त्यांचा राजा नेमका मांत्रिकाच्या घरात जाऊन पडला.

“फसला दादा!” धाकटा रविकांत मांडीवर थाप मारून ओरडला.

खेळ रविकांतनेच रचला होता. फरशीवर खडूने काढलेलं मेळघाटचं जंगल, त्यात वाटा, नद्या, वाघाच्या जाळ्या. सोंगट्या जुन्या सारीपाटातल्या. वकील राजा, त्यांची बायको सिंधू वाणीण, मुलगी तारा राजकन्या, रविकांत स्वतः चोर. जंगलाच्या मधोमध गाविलगडचा मांत्रिक. त्याच्या गोष्टी या भावंडांनी लहानपणी ऐकलेल्या. त्याला सोंगटी नाही, कवड्या नाहीत, हार नाही, जीत नाही. आपल्या घरात येऊन कोणी विचारील तेव्हाच त्याने बोलायचं, आणि तो बोलला की ते कोणी खोडायचं नाही. असा मांत्रिक व्हायला कोणी तयार होईना, म्हणून तो गोदावरी अक्काला मिळाला. विधवा बाईने डावात बसावं का, हा प्रश्न मग कोणाला काढावाच लागला नाही.

अक्का वकिलांची थोरली बहीण. तेल्हाऱ्याला बिजवराला दिलेली. पहिलीचं पोर, उद्धव, तिनेच मांडीवर वाढवलं. नवरा गेल्यावरही ती उद्धवपाशीच राहिली. मागच्या दिवाळीत मात्र एक गाठोडं घेऊन अचानक जुन्या शहरातल्या या घरी आली. गुडघे दुखतात म्हणाली आणि त्यानंतर फारसं बोललीच नाही. पण डोक्यावरून घोंगडी ओढून मांत्रिक झाली की ओळखू येत नसे.

“ये राजा,” घोंगडीतून घोगरा आवाज आला. “डोक्यावर मुकुट हाये का कोंबडीचं खुराडं?”

तारा हसून हसून आडवी झाली. वकिलांनाही हसू आवरेना. आज ते खुशीत होते. उद्या तेल्हाऱ्याची माणसं तारा-उद्धवची सुपारी फोडायला यायची होती. उद्धवची पहिली बायको वारलेली, हे खरं. पण शेत, घर, माणूस, सगळं माहितीतलं. भाची आत्याचीच सून होणार, याहून चांगलं काय? तारा नाही म्हणाली नव्हती. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

“म्हातारबुवा,” वकील हात जोडून म्हणाले, “राजकन्या तेल्हाऱ्याच्या राजाला देऊन राहिलो. शकुन सांगा.”

ताराचं हसणं थांबलं.

“आधी तू सांग. त्याची पहिली राणी कायनं मेली?”

“तापानं.”

“कोन म्हनते?”

“सारेच म्हणतात. अक्का, तूच तर—”

“इथं अक्का नाही. मांत्रिक हाये.” आवाज तोच, घोगरा. “रोज राती तिच्या पाठीले हळद कोन लावत होतं? चार दिवस बाहेरून कडी होती. कडी काढली त्या पहाटे ती विहिरीवर गेली. घागर न घेता.”

“अक्का, पुरे,” रविकांत सावरून बसला. “खेळात हे काय—”

घोंगडीतून हात बाहेर आला. मूठ उघडली. खडूच्या घरात, राजाच्या सोंगटीशेजारी, मंगळसूत्र पडलं. मण्यांच्या खाचांत पीठ अजून चिकटून होतं.

“कणकीच्या डब्यात ठेवून गेली होती. तेराव्याच्या स्वयंपाकाला मी कणीक काढली, तं हाताला लागलं.”

हा आवाज मांत्रिकाचा नव्हता.

वकिलांचे हात जोडलेलेच राहिले. भर कोर्टात साक्षीदार उलटला तरी हा माणूस पापणी हलवत नसे. आता त्यांनी हात सोडून राजाची सोंगटी त्या मण्यांपासून बाजूला सरकवली.

“इतके महिने काहून नाही बोललीस?”

“त्याला या हातानं भरवलंय रे,” अक्का म्हणाली. मग घोंगडी थोडी पुढे ओढून, “अन् मांत्रिकानं विचारल्याबिगर बोलू नये. नियम तुमचाच. तू आज आलास माझ्या घरात.”

सिंधूने पदर तोंडाशी धरला होता. रविकांत हळूच म्हणाला,

“दादा, उद्या ते लोक येतील. त्यांना काय सांगायचं?”

“मांत्रिकाचं बोलणं खोडायचं नाही,” वकील म्हणाले.

वकिलांनी वाकून राजकन्येची सोंगटी उचलली आणि ताराच्या हातात दिली. टोपी घातली आणि तेल्हाऱ्याला तार करायला ते भर उन्हात निघाले. डावी चप्पल उजव्या पायात गेली होती. कोणी त्यांना थांबवलं नाही.

उद्धवची बायको माणिक एकोणीसशे साठच्या आषाढात वारली. ती तेवीस वर्षांची होती. तिला ताप नव्हता.